कॉन्सोर्सियाचं माप

मानांग कॉन्सोर्सिया आमच्या नव्या गाडीत अडकल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि त्यांना बाहेर काढेपर्यंत जेवणाची वेळ झाली.

गाडी म्हणजे ट्रायसिकल. मोटरसायकल आणि तिच्या उजव्या अंगाला जोडलेला छपराचा डबा. फिलिपीन्समधल्या आमच्या इलोइलो शहरात अशा गाड्या पुष्कळ, पण या गाडीच्या डब्यात बाक नव्हता. मागचं दार खाली पाडलं की त्याचाच उतार व्हायचा, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसानं कुणाची मदत न घेता खुर्चीसकट आत जायचं. नगर कार्यालयानं अशा दहा गाड्या मागवल्या होत्या. दोन फेब्रुवारीला, कँडेलारिया मातेच्या जत्रेतल्या मिरवणुकीत त्या रस्त्यावर यायच्या होत्या. त्यातली ही पहिली.

वर्कशॉप मानोंग ताक्योंचं. चाळीस वर्षं त्यांनी जीपनींच्या, म्हणजे भाड्यानं चालणाऱ्या लांब जिपांच्या, बॉड्या बांधल्या, त्याही बहुतेक नजरेच्या अंदाजानं. मी, लुडिव्हिना, त्यांच्याकडची ड्राफ्टर. आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला मानोंग म्हणतात, बाईला मानांग आणि धाकट्या पोरीला इंदाय, म्हणून मी सगळ्यांची इंदाय. माडीवर पंख्याखाली संगणकावर मी एकेक भाग काढायचा, त्याचा कागद खाली पाठवायचा, आणि खाली तो कापून जोडायचा, अशी आमची वाटणी.

पहिली स्वारी करायला मानांग कॉन्सोर्सियांना बोलावलं होतं. ला पाझच्या बाजारात त्या इबोस, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला, साखरेबरोबर खायचा चिकट भात, विकतात. अकरा वर्षांपूर्वी पाय गेले, पण जीभ जागेवर आहे. त्यांना घेऊन आला त्यांचा धाकटा भाऊ गाउदी. तो शाळेत माझ्या वर्गातला, आणि नवी गाडी चालवणारही तोच होता.

"चल, ढकल," मानांग म्हणाल्या.

"मानांग, तुम्ही स्वतः जायचंय," मी म्हणाले.

त्यांनी जोर केला. खुर्ची दारात अर्धी गेली आणि थांबली. गाउदीला राहवलं नाही. त्यानं मागून असा काही रेटा दिला की खांब कुरकुरले आणि खुर्ची आत जाऊन बसली. ती बसली ती बसलीच. पुढे जाईना, मागे येईना.

"इंदाय," मानांग आतून म्हणाल्या, "हे माप तू कुणाचं घेतलंस? बाहुलीचं?"

माप मी कॅटलॉगातल्या खुर्चीचं घेतलं होतं. त्रेसष्ट सेंटिमीटर. दार अडुसष्ट ठेवलं होतं. मानांगची खुर्ची मात्र गाउदीनं घरी रुंद करून दिली होती, चाकांना बाहेरून पकडायला जाड कडी जोडून. ती भरली एकोणसत्तर.

"मला वाटलं तिला आरामात बसता यावं," गाउदी पुटपुटला.

"आराम चाललाय ना माझा! दुपारपर्यंत हलायला नको!"

शेवटी मानोंग ताक्योंनी उजवा खांब कापला. तोवर मानांगनी आत बसून शिजवलेल्या शेंगदाण्यांचा पुडा संपवला आणि आमच्या दोन वेल्डरांची लग्नं जुळवून दिली.

हाताला जागा हवी, म्हणून दार शहात्तर करायचं ठरलं. मानोंग म्हणाले, "आठ सेंटिमीटर! त्यात काय मोठंसं? रुंद कर आणि कागद पाठव."

त्यात काय मोठंसं ते मलाच ठाऊक होतं. गाडीचे एकसष्ट भाग. प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि प्रत्येकात अडुसष्टचा आकडा मी हातानं लिहिलेला. दाराच्या उतारात एकदा, बिजागरीत एकदा, छपराच्या कमानीत एकदा. कुठे अडुसष्टचे निम्मे, कुठे पाइपाची जाडी वजा करून उरलेले. दोन दिवस बसून मी एकेक फाइल उघडली, आकडे बदलले आणि कागद खाली दिले.

तिसऱ्या दिवशी खालून हाक आली. "इंदाय, जरा खाली ये. आपण गाडी बांधतोय की देवळाचं शिखर?"

खांब खाली शहात्तरवर उभे होते आणि वर जाऊन एकमेकांकडे झुकले होते. छपराची कमान बदलायची राहून गेली होती. सगळे हसत होते. मीही हसले, पण माडीवर परत आल्यावर मला काही सुचेना. एकसष्टांत एक राहिला तो दिसला. न दिसलेले किती असतील?

तेव्हा मला एका सोयीची आठवण झाली. आमच्या संगणकातल्या प्रणालीत एका भागाची कड दुसऱ्या भागाच्या रेखाटनात ओढून आणता येते. ती नक्कल नसते, ती जोडलेली राहते. मूळ कड सरकली की तिच्यावर बेतलेलं सगळं आपोआप सरकतं. शिकताना मला ते दाखवलं होतं, पण रोजच्या घाईत मी आकडे ठोकूनच काम भागवत आले होते.

मी लागले जोडायला. खांबाची कड उताराला दिली. उताराची बिजागरीला, बिजागरीची तळाच्या पत्र्याला, पत्र्याची मडगार्डला. जे शेजारी दिसेल त्याला धरायचं. एकदा प्रणालीनं हटकलं. तळ उताराला माप विचारतोय आणि उतार तळाला, असं गोल गोल चालणार नाही, असा तिच्या म्हणण्याचा अर्थ. मी ती एक जोड काढली, दुसरीकडे लावली आणि पुढे निघाले. चार दिवसांनी मानोंगना वर बोलावलं.

"बघा." मी खांब सरकवला. उतार रुंदावला, कमान ताणली गेली, पत्रा पसरला, मडगार्ड बाहेर सरकलं.

मानोंगनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं.

"माझ्या जवानीत हे असतं तर एव्हाना माझे केस शाबूत असते," ते म्हणाले. मला जे काही वाटलं ते काय सांगू! त्या दिवशी मी घरी जाताना मोठा खेकडा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मानोंग सहज म्हणाले, "तळाखालची ती आडवी पट्टी काढून टाक गं. गतिरोधकाला घासेल."

मी पट्टी निवडली आणि पुसली.

पडदा लाल झाला. एकेका भागापुढे लाल खूण येत गेली, मी मोजत गेले. सदतीस. दाराच्या कडीची पट्टी त्या आडव्या पट्टीला धरून होती, हे मी विसरले होते. कडीला उतार धरून होता, उताराला बिजागरी, आणि बिजागरीला जवळजवळ सगळं जग. मधला एक गेला आणि बाकीचे कुणाला विचारायचं ते न कळून उभे राहिले.

मी मागे घेण्याचं बटण दाबलं, पट्टी परत आली, लाली गेली. पण आता माझा हात कशालाच लागेना. कुणाचं काय कुणावर उभं आहे ते मलाच सांगता येत नव्हतं, आणि बांधणारी मीच.

मानोंग मागे उभे होते. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "जा, बाचोय खाऊन ये. रिकाम्या पोटी कुणाला अक्कल येत नाही."

ला पाझच्या बाजारात गेले. गरम बाचोयचा, आमच्याकडच्या शेवयांच्या सुपाचा, वाडगा संपवला, रस दुसऱ्यांदा मागून घेतला आणि मानांग कॉन्सोर्सियांच्या फळकुटापाशी जाऊन बसले. त्या केळीच्या पानावर इबोस मांडत होत्या.

"तोंड का असं? नवरा पळाला?"

"नवरा नाहीये, मानांग."

"मग बरंच आहे की! बोल."

मी सगळं सांगितलं. त्यांना संगणकातलं काय कळणार, असं मनात होतं, पण सांगायला कुणीतरी हवं होतं. खांब, उतार, बिजागरी, पट्टी, लाल खुणा. त्या ऐकत होत्या, मधेच गिऱ्हाइकाला साखर कमी दिली म्हणून गाउदीवर ओरडत होत्या.

मग म्हणाल्या, "म्हणजे दार खांबाला विचारतं, खांब पत्र्याला, पत्रा पट्टीला."

"हो."

"आणि मला कोण विचारतं?"

त्यांनी हातातला इबोस खाली ठेवला.

"गाडीत बसायचंय कुणी? पट्टीनं? सगळे एकमेकांना विचारत बसलेत आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती इथे इबोस विकतेय. अडकले तेव्हा नाइलाजानं एक माप घेतलंत, तेही खुर्चीचं. माझे हात कुठवर जातात, डोकं कुठे येतं, बघितलंय कुणी?"

वाडगाभर बाचोयनं जे झालं नाही ते या एका बोलण्यानं झालं. मी पिशवीतून टेप काढला.

"इथे? बाजारात?" गाउदी म्हणाला.

"मग काय चर्चमध्ये?" मानांग म्हणाल्या आणि दोन्ही कोपरं फाकवून बसल्या. "घे, इंदाय. पोटाचं मोठ्यानं सांगू नकोस."

मी खुर्चीची रुंदी घेतली, कडी धरून फिरवताना कोपरं किती बाहेर येतात ते घेतलं. जमिनीपासून गुडघा, खांदा, डोकं, डोक्यावर बांधलेला अंबाडा. उतार चढताना त्या पुढे झुकतात ते किती. मासेवाल्या बाया गोळा झाल्या. एकीनं सल्ला दिला, दुसरीनं टेपचं टोक धरलं. माप संपलं तेव्हा मानांग म्हणाल्या, "आणि हे फाटकही मोज. दोन सिमेंटचे खांब आहेत. तुझी गाडी यातून आत आली नाही तर मी तिचं करू काय?"

फाटकही मोजलं.

वर्कशॉपात येऊन मी एक नवीन फाइल उघडली. तिच्यात एकही भाग काढला नाही. ना खांब, ना पत्रा. फक्त रेघा. ही जमीन, हा चाकाचा मध्य, ही मोटरसायकलची मधली रेघ, ही खुर्ची, ही कोपरं, हे डोकं, हे बाजाराचं फाटक. सगळ्या मिळून अकरा रेघा. मग ठरवलं की प्रत्येक भाग या रेघांनाच विचारेल. शेजाऱ्याकडून काही मागायचं नाही. खांबाला जागा हवी तर तो कोपरांच्या रेघेपासून घेईल, उतारही तिथूनच घेईल. दोघं एकाच ठिकाणाहून घेतात म्हटल्यावर आपोआप जुळतील. उद्या एखादी पट्टी पुसली तर पट्टीच जाईल, तिच्यासोबत कुणी जाणार नाही.

जुन्या जोडण्या एकेक सोडवून नव्या बांधायला सहा दिवस लागले. फाइलला नाव काय द्यावं म्हणून विचार करत होते. मानोंग म्हणाले, "कॉन्सोर्सिया दे. दुसरं काय देणार?"

ते ऐकून गाउदी म्हणाला, "म्हणजे कॉन्सोर्सिया हलली की सगळ्यांनी हलायचं? मग आमच्या घरात नि तुमच्या संगणकात फरक काय राहिला?"

तयार झाल्यावर मानांगना बोलावलं. माडीला जिना, त्यामुळे मीच संगणक खाली आणून वेल्डिंगच्या टेबलावर मांडला. आपलं नाव पडद्यावर बघून त्या खूश झाल्या, पण दाखवलं नाही.

"कर काय ते."

मी आधी ती आडवी पट्टी पुसली. पट्टी गेली. बाकी सगळं जागच्या जागी. एकही लाल खूण नाही. मानोंगनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी टेबलावर आदळले.

मग मानांगनी ताबा घेतला. "आता मला जाड कर."

कोपरांची रेघ एकशेवीस केली. डबा फुगत फुगत पलंगाएवढा झाला. त्या इतक्या हसल्या की खुर्ची हलायला लागली. "आता बारीक! चाळीस कर! लग्नाच्या वेळची!" डबा आक्रसला, आणि एका मडगार्डपुढे लाल खूण आली. यावेळी मला बघताक्षणी कळलं. इतक्या अरुंद डब्यात मडगार्डचे दोन बोल्ट एकमेकांवर येत होते.

शहात्तरवर आणल्यावर मात्र खरी अडचण दिसली. गाडीची बाहेरची कड फाटकाच्या रेघेपलीकडे तीन सेंटिमीटर जात होती.

"बघ," मानांग म्हणाल्या, "म्हटलं होतं ना, मोज म्हणून."

"डबा अरुंद करता येणार नाही," मी म्हणाले. "पण अख्खा डबा मोटरसायकलच्या जवळ सरकवला तर?"

"गाउदीच्या गुडघ्याला लागेल," मानोंग म्हणाले.

"लागू दे," मानांग म्हणाल्या, "त्याला कुठे मिरवायचंय!"

गाउदीला मोटरसायकलवर बसवलं, त्याचा गुडघा मोजला आणि बारावी रेघ काढली. मधलं अंतर पाच सेंटिमीटरनं कमी केलं. एकसष्ट भाग नीट बसले. गुडघ्याला दोन बोटं जागा उरली, फाटकाला दोन सेंटिमीटर.

"दोन पुरे," मानांग म्हणाल्या, "गाउदी शुद्धीत असला तर."

कागद निघाले, पाइप कापले गेले. पहिला सांगाडा जोडायच्या दिवशी मी खालीच उभी होते. मानोंग हातात मोठा हातोडा घेऊन आले. चाळीस वर्षांत दार ठोकल्याशिवाय बसल्याचं त्यांना माहीत नव्हतं. दोघा वेल्डरांनी उतार उचलून बिजागरीत धरला. खीळ सरकली. दार वर केलं, कडी बसली. टक् असा बारीक आवाज आला, बस.

मानोंग हातोडा घेऊन तसेच उभे. "काहीतरी चुकलंय," ते म्हणाले. त्यांनी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात टेप लावला, मग उलट लावला. मिलिमीटरचा फरक नव्हता. त्यांनी दार दहा वेळा उघडलं आणि लावलं. मग तोंड फिरवून म्हणाले, "बरं आहे," आणि बाहेर निघून गेले. दुपारी त्यांनी सगळ्यांना डुकराचं भाजलेलं मांस आणि भात खाऊ घातला, तेव्हा कळलं की ती नाराजी नव्हती.

दहा गाड्या एकतीस जानेवारीला तयार होत्या.

जत्रेच्या दिवशी जारोच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बँड, मेणबत्त्या, फुगे, कोंबड्यांच्या झुंजीला निघालेली माणसं. दहा गाड्या रांगेत उभ्या. मानांग कॉन्सोर्सिया निळा पोशाख घालून, अंबाड्याला फूल लावून आल्या. गाउदीनं उतार पाडला आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला, तशी सक्त ताकीद होती. त्यांनी कडी धरली, पुढे झुकल्या, तीन रेटे दिले आणि वर गेल्या. आत पोचून इकडेतिकडे कोपरं फिरवून बघितली. कुठे लागलं नाही. मला हाक मारली, "इंदाय! फूलसुद्धा वाचलं!"

मी बँडकडे बघत राहिले.

मिरवणूक निघाली. मानोंग आणि मी चर्चसमोर वाट बघत थांबलो. अर्ध्या तासानं गाड्या वळून आल्या. मी मोजल्या. नऊ.

पुन्हा मोजल्या. नऊच.

नगर कार्यालयाच्या बाई धावत आल्या. "तुमची पहिली गाडी कुठाय? ती तर सगळ्यांच्या पुढे होती!"

मानोंगचा चेहरा उतरला. "चाक गेलं असणार," ते म्हणाले. "आस वाकला असेल. मी म्हणत होतो, काहीतरी चुकलंय." माझ्या डोळ्यांपुढे सदतीस लाल खुणा आल्या. गाउदीला फोन लावला, तो उचलेना. मानोंगच्या मोटरसायकलवर बसून आम्ही मिरवणुकीचा सगळा रस्ता पालथा घातला. कुठे मोडकी गाडी नाही, गर्दी नाही. एका आइस्क्रीमवाल्यानं सांगितलं, "ती निळ्या कपड्यातली बाई? ती चालकाला ओरडून सांगत होती, डावीकडे घे, डावीकडे. अरेवालोच्या दिशेनं गेले."

अरेवालोला समुद्र आहे.

विला किनाऱ्यावर नारळांच्या सावलीत आमची गाडी उभी होती. धड, चकचकीत. उतार खाली वाळूवर पाडलेला, आणि उताराच्या टोकाशी, खुर्चीची पुढची चाकं वाळूत रुतवून, मानांग कॉन्सोर्सिया समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. मांडीवर भाजलेल्या कालवांचं ताट. शेजारी गाउदी व्हिनेगरची बाटली धरून, अपराधी तोंड करून.

"मी नको म्हणत होतो," तो आम्हाला बघताच म्हणाला.

"खोटं बोलतोय," मानांग म्हणाल्या. "कालवं त्यानंच मागवली."

मानोंग धापा टाकत होते. "मानांग, तिकडे सगळे शोधताहेत! मिरवणूक सोडून इथे कशाला?"

"मिरवणूक दरवर्षी असते." त्यांनी एक शिंपला उघडला, व्हिनेगरात बुडवला. "हे मी अकरा वर्षांत बघितलं नव्हतं. घरचे म्हणायचे, उचलून नेतो. मला नाही उचलून घ्यायचं. भाताचं पोतं आहे का मी?"

लाट आली आणि चाकांच्या हातभर अलीकडे थांबली. मानांग पाण्याकडे बघत होत्या.

मानोंग ताक्यो बूट काढून वाळूत बसले. नगर कार्यालयाच्या बाईंना फोन करून सांगितलं, "गाडी सापडली. अगदी ठीक आहे. तपासणी चालू आहे. वेळ लागेल."

"ए इंदाय, उभी काय?" मानांग म्हणाल्या. "बैस. थंड झाली की रबरासारखी लागतात."

मी त्यांच्या चाकाला टेकून बसले आणि ताटातलं सगळ्यात मोठं कालव उचललं. त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली आणि दुसरं, त्याहून मोठं, माझ्यापुढे सरकवलं.